लोहारांच्या बुर्गीने चांदणी उतरवली

पडदा वर जातो तेव्हा समोर एक शिडी आहे. शिडीवर एकाहत्तर वर्षांची बाई उभी आहे आणि ती शिव्या घालते आहे.

ऑक्टोबरातला शुक्रवार, सकाळचे दहा. उजेड डावीकडून, चर्चच्या बाजूने तिरका येतोय. उजवीकडे कमरेएवढी दगडी भिंत, तिच्यापलीकडे शेजाऱ्याचं बंद दार. मधोमध लोहारांचं घर. त्या घरातला ऐरणीवर घण घालणारा शेवटचा माणूस जाऊन दीडशे वर्षं झाली, पण श्टाइनरॉइट या जर्मन खेड्यात माणूस आडनावाने ओळखला जात नाही, घराच्या नावाने ओळखला जातो. म्हणून शिडीवरची ही बाई कागदोपत्री वाल्बुर्गा ग्रादल असली तरी अख्ख्या गावाला लोहारांची बुर्गी. तिच्या हातात लाकडी पट्ट्यांची सहा टोकांची चांदणी आहे आणि घरापुढच्या खांबाचा आकडा तिच्या बोटांपासून वीतभर लांब आहे.

"शिडी धर म्हटलं होतं मी. शिडीला टेकून झोप नव्हतं म्हटलं!"

"धरलीय, आत्या."

"धरली असतीस तर हलली नसती. चर्चचा मनोरा हलतो का? नाही ना? कारण तो कुणीतरी नीट धरलाय!"

खाली रोस्विथा, बुर्गीच्या भावाची मुलगी, चाळिशीला टेकलेली, शांत, गुबगुबीत. तिने दोन्ही हातांनी शिडी धरली होती, एका पायाने पाया दाबला होता आणि आयुष्यात आजवर एकाही माणसाला उलट उत्तर दिलं नव्हतं. बुर्गीचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीवर होता.

चांदणी आकड्यात बसली. वाऱ्याने एकदा फिरली, थांबली. म्हणजे गावाला निरोप गेला: लोहारांची बिअर तयार आहे, या.

गावात अशी बिअर बनवून विकण्याचा हक्क अकरा घरांना. भट्टी सगळ्यांची मिळून एकच, चर्चमागे, लाकडाच्या जाळावर चालणारी, तिच्यात एक तांब्याची कढई, एवढी मोठी की आत दोन माणसं उभी राहून तिला घासतात. ज्याची पाळी असेल त्याने जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, आणि हॉप्सची कडू फुलं उकळायची, तो गोड काढा टाकीत भरून ट्रॅक्टरने घरी न्यायचा, आपल्या तळघरात यीस्ट घालून आंबवायचा, मग पाच-सहा आठवडे थंडगार मुरत ठेवायचा. काढा त्याच कढईतला, पाणी त्याच विहिरीचं, तरी अकरा तळघरांतून अकरा बिअरी बाहेर येतात. ज्याची चांदणी वर, त्याच्या घरी गाव जातं. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत त्याच्याच बैठकीच्या खोलीत, त्याच्याच आजोबांच्या फोटोखाली, एकमेकांना खेटून बसतं.

पण चांदणीच्या आधी एक पेला असतो. तळघरात, टाकीच्या नळाखाली, घरातल्या एकाच माणसाच्या हातात. तो माणूस चाखतो आणि म्हणतो, जमली. किंवा म्हणतो, नाही. त्याच्या शब्दाशिवाय चांदणी बाहेर निघत नाही.

लोहारांच्या घरात हा पेला बावन्न वर्षं बुर्गीकडे होता. ती एकोणीस वर्षांची असताना बापाने तो तिच्या हातात दिला, थोरल्या भावाला सोडून. कारण एकदा बापाने टाकीतली बिअर चाखून मान डोलावली आणि कोपऱ्यात बटाटे निवडत बसलेली ही पोरगी म्हणाली होती, "हिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." बापाने तिच्या कानाखाली वाजवली. मग परत हुंगून बघितलं. मग टाकी ओतून दिली.

नवरा युद्धात गेला तो परत आला नाही. ज्या वर्षांत जव माणसांनाच पुरत नव्हते त्या वर्षांत भट्टी थंड होती, तेव्हा बुर्गी रिकाम्या तळघरात जाऊन भिंती हुंगायची, बुरशी कुठे चढतेय ते बघायला. पुढे भाऊ गेला, वहिनी गेली. पेला राहिला. परगावचे लोक विचारायचे की या बिअरीत एवढं काय आहे. बुर्गी म्हणायची, "काही नाही. म्हणूनच तर अवघड आहे." फिकट सोनेरी, किंचित धुरकट. पहिल्या घोटाला पावाची भाजलेली कड, मग हॉप्सचा कडवटपणा, पाहुण्यासारखा येऊन वेळेवर निघून जाणारा. बस. लपवायला जागाच नाही. गडद बिअरीत दहा पापं खपतात. या साध्या, मुरवलेल्या बिअरीत एक डाग पडला तर तो पांढऱ्या टेबलक्लॉथवरच्या बिटासारखा दिसतो.

आणि त्या शुक्रवारी सकाळी, शिडीवर चढण्याच्या तासभर आधी, बुर्गीने तळघरात पेला भरला, तोंडाला लावला, आणि तिला कळलं ते एवढंच: गार आहे. कडू आहे. जिभेला टोचते आहे.

बाकी काही नाही. पाव नाही, कड नाही, काहीच नाही.

फेब्रुवारीत चर्चच्या पायऱ्यांवरच्या बर्फावरून ती मागे पडली होती, डोक्याचा मागचा भाग दगडावर. दोन दिवस डोकं गरगरलं. तिसऱ्या दिवशी कॉफीला गरम पाण्याची चव लागली. तिने रोस्विथाला धुऊन काढलं, की ही कॉफी आहे की भांडी विसळलेलं पाणी? चौथ्या दिवशी सोललेला लसूण नाकाशी धरला, आणि मग ती खुर्चीवर बसली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? सांगितलं की पेला गेला. आणि तो जाणार कुणाकडे? रोस्विथाकडे! जिला सगळंच चांगलं लागतं, करपलेलं सूप चांगलं, शिळा पाव चांगला, पाऊस चांगला.

मे महिन्यातली पाळी नशिबाने निभावली. रोस्विथाने तेव्हा भांडी, नळ्या सगळं स्वतः उकळून काढलं होतं. ऑगस्टअखेरच्या पाळीला बुर्गीने तिला हाकलून दिलं आणि नेहमीप्रमाणे स्वतः तपासणी केली. काढा वाहून नेणारी रबरी नळी तिने नेहमीसारखी नाकाशी धरली. बावन्न वर्षांची सवय. वास आला तर नळी परत धुवायची, वास नाही आला तर स्वच्छ.

वास आला नाही.

दहा दिवसांनी काढा फसफसून शांत झाला, तळाशी यीस्टचा साका बसला. आता गावचा दुसरा नियम. हा साका पुढच्या पाळीवाल्या घराला द्यायचा. यीस्ट विकत नाहीत, आणि नाकारत तर मुळीच नाहीत, मग पुढचा माणूस जानी दुश्मन का असेना. बुर्गीच्या पुढची पाळी नेमकी जानी दुश्मनाचीच होती. दगडी भिंतीपलीकडचं बंद दार. पिंपवाल्यांचा ओटमार.

ओटमार आणि बुर्गी शाळेत एका बाकावर होते. एकोणीस वर्षांपूर्वी, भरल्या खोलीत, चाळीस माणसांसमोर हा ओटमार पेला खाली ठेवून म्हणाला होता, "या वेळी पातळ झालीय." बुर्गीने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. आणि हे ध्यानात घ्या, की या गावात असं कुणी तोंडावर बोलत नाही. इथली म्हणच आहे, ओरडा बसला नाही म्हणजे कौतुक झालं. बायकोच्या हातचं नवऱ्याला आवडलं तर तो गप्प खातो. फार आवडलं तर गप्प खाऊन परत ताट पुढे करतो. आणि नाही आवडलं तरी गप्पच, कारण लोकांच्या घरी जाऊन तोंड कोण उघडतो! फक्त या ओटमारने उघडलं होतं. तेव्हापासून एकोणीस वर्षं यीस्टची बादली बुर्गी मुकाट्याने भिंतीवर ठेवायची, आणि संध्याकाळी ती रिकामी, धुतलेली, भिंतीवर परत यायची. शब्द एकही नाही.

या सप्टेंबरात बादली परत आली ती भरलेली. वरचं फडकंसुद्धा तसंच बांधलेलं.

बुर्गीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यीस्ट नाकारलं! गावाच्या चारशे वर्षांत कुणी केलं नसेल ते या पिंपवाल्याने केलं! त्याने खालच्या आळीतून दुसऱ्या कुणाकडून यीस्ट आणलं हे कळल्यावर तर ती दोन दिवस जेवली नाही. रोस्विथा म्हणाली, "आत्या, विचारून बघूया का, काय झालं ते?" तर बुर्गी म्हणाली, "थुंकला तर का थुंकलास म्हणून विचारायला जातात का ग?" आणि तो संताप घेऊनच तिने ती बिअर मुरत घातली, तो संताप घेऊनच सहा आठवडे काढले, आणि शुक्रवारी सकाळी त्याच संतापाच्या भरात, गार-कडू-टोचरं एवढ्याच भांडवलावर ती म्हणाली, "जमली."

*

शुक्रवारी दुपारी लोक आले. कोट अडकवले गेले, बाकं सरकली. ताटांत गार मांसाचे काप, आंबट काकड्या, कांदा घातलेलं चीज, काळा पाव. बुर्गी एका हातात पाच पाच पेले धरून फिरत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पहिल्या घोटांकडे बघत होती.

खिडकीपाशी लोरेन्झ बसला होता. निवृत्त पोस्टमन, गावात एकही चांदणी न चुकवणारा माणूस. त्याने घोट घेतला. थांबला. पेल्यात बघितलं. मग काकडी खाल्ली. मग दुसरा घोट घेतला, पहिल्यापेक्षा लहान.

"काय रे लोरेन्झ?"

"काही नाही, बुर्गी. काकडी छान आहे."

"काकडीचं विचारलं नाही मी."

"नाही, म्हणजे, पिता येते की."

पिता येते! या गावात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक कुणी देत नाही. बुर्गीच्या खांद्यांवरचं ओझं तेवढ्यापुरतं उतरलं. तिने खोलीवरून नजर फिरवली. सगळे गप्प. कुणी तक्रार करत नव्हतं. खोली नेहमीपेक्षा जरा जास्तच शांत होती, एवढंच. म्हणजे फारच आवडली असणार.

हीच ती चूक. दुसऱ्या कुठल्याही गावात बाईला पाच मिनिटांत कळलं असतं.

शनिवारी माणसं कमी आली. दुपारच्या दोनच्या सुमाराला खोलीत बारा-पंधरा जण होते, लोरेन्झ धरून, आणि दार उघडलं. दारात ओटमार. एकाहत्तर वर्षांचा, लांब हातांचा, भट्टीचे जुने बूट घातलेला. एकोणीस वर्षांत त्याने हा उंबरा ओलांडला नव्हता. खोलीतले काटे-सुऱ्या थांबल्या.

"चुकलास," बुर्गी म्हणाली. "तुझं दार पलीकडे आहे."

"मला एक पेला दे."

"तुला? माझं यीस्ट नको आणि बिअर हवी?"

"चांदणी वर आहे ना? मग दार सगळ्यांना उघडं. नियम आहे. दे."

तिने भरून आणला आणि टेबलावर असा आपटला की फेस त्याच्या बाहीवर उडाला. ओटमारने पेला उचलला, नाकाशी नेला आणि तिथेच थांबवला. पिण्यापूर्वीच त्याचं तोंड आंबट झालं. तरीही त्याने एक घोट घेतला, सरळ, न्यायाधीशासारखा. पेला खाली ठेवला.

"बुर्गी, ही बिअर खराब आहे. हिला दवाखान्याचा वास येतोय. जखमेवरच्या पट्टीचा."

 बुर्गी पांढरीफटक पडली, मग लाल झाली.

"एकोणीस वर्षं याचीच वाट बघत होतास काय रे? पातळ म्हणून झालं, आता दवाखाना? लाज नाही वाटत, भरल्या घरात येऊन ओकायला?"

"लाज? अगं, मी बादली परत ठेवली! भरलेली! फडकंसुद्धा सोडून परत बांधलं! अजून काय करायचं होतं, पत्र लिहायचं होतं का? सहा आठवडे झाले तुला सांगून की यीस्ट बिघडलंय, आणि तू त्याचीच बिअर मुरवून गावाला पाजतेस?"

"ते सांगणं होतं? तो अपमान होता!"

"अपमान करायचा असता तर बादली फेकली नसती का, बाई? नीट परत ठेवलेल्या बादलीचा अर्थ तुला कळू नये?"

बुर्गी गर्रकन वळली. खोलीकडे. तिथे पंधरा चेहरे पंधरा पेल्यांत खुपसलेले होते.

"लोरेन्झ. वर बघ. वर बघ म्हणते! तू कालपासून चार पेले प्यायलास. हा खोटं बोलतोय ना?"

लोरेन्झच्या मिशीला काकडीचा तुकडा चिकटला होता. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं, पिता येते."

"पट्टीचा वास येतोय की नाही?"

"येतोय तसा. थोडा. सुरुवातीला. मग सवय होते."

"सवय होते!"

"बुर्गी, तुझ्या घरी बसून मी काय बोलणार? कधी बोललोय का आजवर?"

तिने एकेकाकडे बघितलं. सुतार खाली बघत होता. नर्सबाई खाली बघत होत्या, ज्यांना तो वास कुणापेक्षाही आधी कळायला हवा होता. शेवटी तिची नजर रोस्विथावर आली. दारात, हातात पावाची टोपली.

"तुला माहीत होतं?"

रोस्विथाच्या ओठांची हालचाल झाली, आवाज नंतर आला. "तू चाखली होतीस ना, आत्या. मला वाटलं, माझंच काही चुकत असेल."

आता जो राग आला तो ओटमारवरचा नव्हता. बावन्न वर्षं तिने या खोलीतली शांतता कौतुक म्हणून घेतली होती. प्रत्येक मोकळा पेला, प्रत्येक मान खाली घालून खाल्लेला पाव. आता तिला एकदम वाटलं, त्यातली किती शांतता खरी होती? किती वेळा ही माणसं नाक मुरडून, गप्प बसून, शिष्टाचार म्हणून प्यायली असतील? ओटमारने ज्या वर्षी पातळ म्हटलं, त्या वर्षी ती पातळ होती का? सगळ्यांना पातळ लागली होती का?

"भेकड!" ती ओरडली. खिडकीच्या काचा थरथरल्या म्हणतात. नाटकाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज होता तिचा. "मेंढरं! वीस वर्षं माझ्या ताटात जेवताय, मला एक शब्द देता येत नाही? माझ्या घरावर डाग पडलाय आणि तुम्ही काकड्यांचं कौतुक करताय? माझ्या घराचं नाक कापलं जात होतं आणि तुम्ही कापणाऱ्याला सुरी धुऊन देत होतात! उठा. उठा सगळे! आज कुणी पैसे द्यायचे नाहीत, आणि परत कुणी मला 'पिता येते' म्हणायचं नाही!"

ती बाहेर गेली. शिडी स्वतः ओढली. रोस्विथा धावत आली तर तिला म्हणाली, "हात लावू नकोस." शनिवारी दुपारी, उजेडात, गल्लीतली सगळी माणसं बघत असताना, लोहारांची बुर्गी शिडी चढली आणि चांदणी काढली. सोमवारच्या आधी चांदणी खाली येते ती फक्त घरात मृत्यू झाला तर. समोरच्या घरातल्या म्हातारीने छातीवर क्रूस केला आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही!" बुर्गी वरूनच म्हणाली. "दुर्दैवाने सगळे जिवंत आहेत!"

*

तळघरात टाकीचा नळ उघडा होता. बिअर फरशीवरून, उतारावरून, गटाराच्या जाळीकडे चालली होती. बुर्गी उलट्या पिंपावर बसून ते बघत होती. पायऱ्यांवर जड बूट वाजले.

"सगळी ओततेस?" ओटमार.

"ठेवून काय करू? जखमा बांधू?"

तो तिच्याशेजारी, दुसऱ्या पिंपावर बसला.  मग त्याने कोपऱ्यातली रबरी नळी उचलली, तिचं तोंड नाकाशी धरलं आणि झटक्यात लांब केलं.

"देवा रे! बुर्गी, ही नळी आतून सडलीय. हे तुला कळलं नाही? तुला? ओला पुठ्ठा हुंगणाऱ्या पोरीला?"

 त्याने नळी हळूच तिच्या चेहऱ्याजवळ धरली. ती मागे सरली नाही, तोंडही वाकडं केलं नाही. ओटमारचा हात खाली आला.

"कधीपासून?"

"फेब्रुवारी."

"काहीच नाही?"

"गार कळतं. कडू कळतं. तू शेजारी बसलायस आणि तुझ्या बुटांना शेण लागलंय ते दिसतंय, पण वास येत काही नाही."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस."

"कुणाला सांगू?" ती एकदम उसळली. "त्या मेंढरांना? पेला कुणाच्या हातात देऊ? रोस्विथाच्या? ती सोन्यासारखी पोरगी आहे, माझं म्हातारपण तीच बघणार आहे, पण तिला व्हिनेगर दिलं तरी ती थँक्यू म्हणेल! मी पेला सोडला तर या घरातून खरं बोलणारं तोंडच जातं, कळतंय का तुला? मग चांदणी लावा नाहीतर जुनी चड्डी लावा, फरक काय!"

ओटमारने नळीची गुंडाळी केली. त्याला पण राग आला होता, त्याचे कान लाल झाले होते. "आठ महिने! आठ महिने एकटीने तळघरात उभं राहून नाटक केलंस! भिंतीपलीकडे मी होतो की! एक हाक मारायची!"

"तुला? तुला मी बाहेर काढलं होतं!"

"म्हणूनच! या गावात तुझ्या बिअरीला नावं ठेवणारा मी एकटाच आहे. आणखी कुणाला हाक मारणार होतीस?"

टाकी रिकामी झाली. शेवटचा फेस जाळीवर बसून राहिला, तोही फुटला.

"त्या वर्षी," बुर्गीने विचारलं, त्याच्याकडे न बघता, "खरंच पातळ होती?"

"खरंच."

"मेल्या," ती म्हणाली. पण पिंपावरून उठली नाही.

नोव्हेंबरातली पाळी ओटमारने दुसऱ्या घराशी बदलून घेतली होती. ती त्याने बुर्गीला दिली. भट्टीवर पाळ्यांचा कागद लागला होता त्यावर त्याने स्वतःच्या घराचं नाव खोडून तिच्या घराचं लिहिलं. कुणी काही विचारलं नाही, आणि त्याबद्दल बुर्गीने पुन्हा एकदा सगळ्यांना नावं ठेवली. नळी नवी घेतली. टाकी तीनदा उकळत्या पाण्याने धुतली, रोस्विथाने धुतली आणि ओटमारने हुंगली. "वास नाही" असं तो म्हणाला तेव्हा बुर्गी म्हणाली, "परत." यीस्ट त्याने भिंतीवर ठेवलं नाही, बादली घेऊन थेट पायऱ्या उतरून आला.

ख्रिसमसनंतरच्या दिवशी पेला भरला गेला. रोस्विथा पायऱ्यांवर बसली होती, कारण पेला दुसऱ्या घरच्या माणसाच्या हातात जाणार होता आणि त्याला निदान घरातलं कुणीतरी साक्षी हवं. बुर्गीने पेला भरला, आपल्या हाताने ओटमारच्या हातात दिला. ती नजर चुकवत नव्हती, पण तिचा जबडा असा आवळला होता की दात तुटतील.

त्याने चाखली. खूप वेळ घेतला.

"नाही," तो म्हणाला. "अजून कच्ची आहे. हिरव्या सफरचंदासारखी. आठ दिवस थांब."

"आठ दिवस! गावाला मी नव्या वर्षाचं सांगितलंय! लोरेन्झ दोनदा येऊन गेला! तुला सफरचंद लागलं असेल, सकाळी तूच सफरचंद खाल्लं असशील, तुझं नाक तरी कुठे जाग्यावर आहे म्हाताऱ्या..." ती पाच मिनिटं थांबली नाही. त्याच्या बापापर्यंत गेली, आजोबांपर्यंत गेली. ओटमार पेला धरून उभा राहिला. मग ती दम घ्यायला थांबली, आणि त्या तेवढ्या जागेत पायऱ्यांवरून आवाज आला.

"सफरचंद मलाही लागलं, आत्या." रोस्विथा होती. तिने नळाखालचा थेंब बोटाने चाखला होता. तिचा चेहरा गोरामोरा झाला होता. "आणि कालचं सूप खारट होतं. तू केलंस ते. खूप खारट होतं."

बुर्गी तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "मग काल सांगायला काय झालं होतं?" आणि वर निघून गेली. चांदणी आतच राहिली. लोरेन्झला दारातूनच सांगितलं, आठ दिवस, आणि कुरकुर करायची असेल तर मोठ्याने कर.

आठ दिवसांनी तिघं परत तळघरात उतरले. बाहेर बर्फ पडत होतं, झरोका पांढरा झाला होता. ओटमारने पेला उजेडाकडे धरला. फिकट सोनेरी. त्याने हुंगला, घोट घेतला, डोळे मिटले. दुसरा घोट घेतला. खांदे खाली आले.

"जमली," तो म्हणाला.

रोस्विथाने श्वास सोडला आणि चांदणी आणायला वळली. पण बुर्गी जाग्यावरून हलली नाही. तिने आपला पेला भरून घेतला होता, एक घोट प्यायली होती, आणि आता त्या गार, कडू, टोचऱ्या गोष्टीकडे शत्रूकडे बघावं तशी बघत होती.

"जमली म्हणजे? सांग."

"चांगली आहे, बुर्गी. काय सांगू? मला तुझ्यासारखं बोलता येत नाही."

"चांगली ही चव नसते. सांग."

ओटमारने परत घोट घेतला. तोंडात फिरवला. घामेजला. "पाव आहे," तो म्हणाला. "पावाची कड. आणि मागून, काय म्हणू, गवत येतंय. वाळलेल्या गवतासारखं काहीतरी."

तिने डोळे मिटले. पेला ओठांशी नेला, तसाच धरून ठेवला.

"कुठलं गवत? नदीकाठचं की वरच्या माळावरचं? कापून एक दिवस झालाय की तीन? असा बघू नकोस माझ्याकडे बैलासारखा, मला इथे काही दिसत नाहीये. परत पी, आणि या वेळी सगळं सांग."